खोक्यातली घार

१

साहित्याने आजवर साम्राज्यं उलथवली आहेत, सिंहासनं डळमळवली आहेत आणि माणसांच्या काळजात वणवे पेटवले आहेत. शनिवार मंडळाच्या साहित्याने तोवर फक्त एक खुर्ची डळमळवली होती, आणि तीसुद्धा शिंपी यमक जुळल्याच्या आनंदात मागे रेलला म्हणून.

मंडळ भरायचं चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत. एरवी तिथे डोळे तपासले जात. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता, वर टपोरं अक्षर आणि खाली येता येता मुंग्या. तक्त्याच्या शेजारी मोठ्या बाईंचा फळा. मोठ्या बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. निरोपाच्या वेळी शाळेने विचारलं, आठवण म्हणून काय देऊ, तेव्हा इतर लोक घड्याळ मागतात. बाईंनी फळा मागितला.

दर शनिवारी दुपारी बाई फळ्यावर एक शब्द लिहीत. तो मोठ्याने वाचत नसत. "शब्द बघायचा असतो. ऐकायला तो काय बातम्या आहे?" असं त्यांचं म्हणणं. सगळ्यांनी बघितला की पुसून टाकत. मग आठवडाभर त्या शब्दाबद्दल आपापसात अवाक्षर काढायचं नाही, गुपचूप त्यावर काहीतरी छोटं लिहायचं. कविता, एखादा प्रसंग, चार ओळी, काहीही चालेल. कागद छापील हवा, खाली नाव नको, आणि तो दुकानाच्या दाराशी ठेवलेल्या फ्रेमच्या रिकाम्या खोक्यात टाकायचा. पुढच्या शनिवारी बाई खोका उघडून सगळं वाचून दाखवत. कुणी लिहिलं हे विचारायचं नाही. कुणी एखाद्या आठवड्यात दांडी मारी, कुणी हौसेने दोन कागद टाकी. "नाव नसलं की माणूस खरं लिहितो," असं बाई म्हणत. नाव नसलं की माणूस वाटेल ते लिहितो, ही त्याच वाक्याची दुसरी बाजू त्यांच्या ध्यानात यायला तो शनिवार उजाडावा लागला.

त्या आठवड्याचा शब्द होता 'धार'.

पहिला कागद यमकात होता, म्हणजे शिंप्याचा. हे न विचारताच सगळ्यांना कळलं.

"कात्रीला माझ्या धार, कापडाला देते आकार,
गिऱ्हाइकाचं पोट फार, त्याला कोण जबाबदार?"

दुसऱ्यात विरामचिन्हं नव्हती, म्हणजे तो दातांच्या डॉक्टरीणबाईंचा: "नळाची धार बारीक होत होत थेंब मग नुसता नळ"

तिसरा असा होता: "सदर धार सुरीची असून तिची पाहणी स्वयंपाकघरात समक्ष करण्यात आली. धार बोथट आढळली. सुरीने बरणीचे झाकण उघडल्याचे गृहिणीने मान्य केले नाही." विमा कंपनीत आयुष्यभर नुकसानीची पाहणी केलेल्या सर्वेयरने आपण नव्हेच अशा चेहऱ्याने खिडकीबाहेर पाहिलं. बाईंची भाची चिमणी तोंडावर रुमाल धरून हसली. चष्मेवाला मात्र दारातल्या आपल्या नेहमीच्या जागी, एक कान दुकानाकडे ठेवून उभा होता, आणि तिन्ही कागदांना त्याने जरा गोंधळल्यासारखी मान डोलावली.

बाईंनी चौथा कागद उघडला. पहिली ओळ वाचली आणि थांबल्या. पण हातात घेतलेला कागद अर्धा टाकणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी शेवटपर्यंत वाचला.

"घार वर फिरते.
अंगणातली पिल्लं ती मोजत नाही,
तिला ती पाठ आहेत.
उंदराची मिशी हलली तरी तिला कळतं.
इथून ती एक ठिपका,
तिथून मी पुरा.
एवढी नजर एकट्या जिवाला कशाला?
थोडी खाली सांडली असती
तर कुणाची तरी सोय झाली असती."

"शब्द 'धार' होता," बाई म्हणाल्या.



बाई उठल्या, खडू घेतला आणि फळ्यावर पुन्हा 'धार' लिहिलं. खडूचा तुकडा पडला. "ही माझ्यावर आहे. ज्याने लिहिली त्याने पुढच्या शनिवारपर्यंत मला येऊन सांगावं. तोपर्यंत हा शब्द पुसायचा नाही. आणि कुणी आलंच नाही, तर हा फळा मी घरी नेणार. मंडळ बंद."

फळा भिंतीत चार स्क्रूंनी ठोकलेला होता. तरीही कुणाला हसू आलं नाही.

२

"म्हणजे शनिवारी तुम्ही घरी?" सर्वेयरच्या बायकोने विचारलं. छत गळणार आहे असं कळल्यावर माणसाचा जो आवाज होतो, तो तिचा झाला होता.

"मंडळच बंद होणार म्हटल्यावर..."

"अहो, शनिवारी माझी बहीण येते. आम्ही दोघी बसून तुमच्याबद्दल बोलतो. तुम्हीच समोर बसलात तर आम्ही बोलायचं काय?"

मंडळात त्याला तिनेच ढकललं होतं, निवृत्तीनंतर तो घरातल्या भांड्यांची स्थिती तपासायला लागला तेव्हा. तो कुरकुरत गेला आणि, स्वतःलाही न विचारता, सुखी झाला. आठवडाभर एक शब्द खिशात घेऊन हिंडण्यात मजा असते हे त्याला इतक्या उशिरा कळलं होतं. ते हातचं जाऊ द्यायची त्याची तयारी नव्हती. जळालेलं गोदाम आतून पेटलं की बाहेरून, हे राख बघून सांगणारा माणूस तो. एका कवितेचा मालक सापडणार नाही?

तो बाईंकडे गेला. बाईंनी चहा दिला, दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"तुम्हाला म्हणून सांगते. शाळेत मुलं मला घार म्हणायची. माझ्यामागे."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? मुतारीच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेलं मी स्वतः वाचलंय. शिपायाला पुसायला लावलं आणि विषय संपवला. आजवर कुणापाशी बोलले नाही. मला वाटलं, ठीक आहे, मुख्याध्यापिकेला नजर हवीच." बाईंनी कपाची कड बोटाने पुसली. "पण 'एकट्या जिवाला' हे भिंतीवर नव्हतं. लग्न केलं नाही, ते मला कधी टोचलं नाही. आपल्याच माणसांत बसून ते ऐकावं लागेल असं वाटलं नव्हतं."

 नुकसानीची पाहणी सर्वेयरने खूप केली होती, पण ते सगळं सामान होतं.

"तर मग हे टोपणनाव माहीत कुणाला?" त्याने विचारलं.

"त्या शाळेतल्या मुलाला. आणि मंडळात त्या शाळेतला मुलगा एकच आहे." बाईंचा आवाज पुन्हा मुख्याध्यापिकेचा झाला. "भूमितीच्या पेपरात त्याने वर्तुळाची व्याख्या 'साधारण गोल' अशी लिहिली होती. मी त्याला त्याच वर्गात बसवला. माझं कापड मी काल त्याच्याकडून परत आणलंय."

सर्वेयरला पोचवायला चिमणी जिन्यापर्यंत आली. ती छापखान्यात मजकूर जुळवायचं काम करते आणि मावशीकडे राहते.

"काका, सगळे माझ्याकडेच बघतायत. मावशी मला चिमणी म्हणते. म्हणजे पिल्लं मीच, नाही का?"

"तू लिहिलीस?"

"शब्द दिला त्या शनिवारी मी मंडळात नव्हतेच. मावशीनेच घरी सांगितला, वाटाणे सोलताना. असा ठासून 'ध' म्हणाली की दोन वाटाणे उडाले." ती हसली, मग थांबली. "आणि एक सांगू? मावशीला टोचायला मी लिहिलं असतं, तर शेवट एवढा गोड केला नसता."

"गोड?"

"परत वाचा," चिमणी म्हणाली, आणि आतून हाक आली म्हणून पळाली.

३

शिंप्याच्या तोंडात टाचण्या होत्या. त्यामुळे त्याचं बोलणं दातांमागून, गाळून येत होतं.

"कापलेलं कापड परत नेलं हो साहेब! एक बाही माझ्याकडेच राहिली. आता त्या बाहीत मी कुणाला घालू?"

"मास्तर, शाळेत मुलं बाईंना काय म्हणायची?"

शिंप्याने आधी दाराकडे पाहिलं. "ते मी तोंडाने उच्चारणार नाही."

"का?"

"तोंडात टाचण्या आहेत."

"काढा मग."

"काढल्या तरी नाही. बाई आज ना उद्या समोर येणार. मला दोन मुलं आहेत." मग टाचण्या खरंच काढून त्याने त्या मनगटावरच्या उशीत खोचल्या. "साहेब, तुम्ही शिकलेले आहात. ती कविता एकदा नीट बघा. 'सांडली असती, झाली असती.' असती-असती! याला यमक म्हणतात? हे माझ्या नावावर खपवणं म्हणजे माझी बदनामी आहे. मला शिव्या द्यायच्या असतील तर मी जुळवून देईन."

हा बचाव सर्वेयरला पटला. शिंपी हात पुरा लांब करून सुईत दोरा ओवायला लागला, तो ओवला जाईना.

"मास्तर, चष्मा घाला की."

"जवळचं दिसत नाही हो. लांबचं विचारा." त्याने रस्त्यापलीकडे पाहिलं. "डॉक्टरीणबाईंकडे निघालात ना? त्यांच्या खिडकीतली खुर्ची आत्ताच रिकामी झाली बघा. रुमाल विसरून गेलाय कुणीतरी, निळा."

रुमाल निळाच होता. डॉक्टरीणबाईंनी सर्वेयरला त्याच खुर्चीत बसवलं, तोंड उघडायला लावलं आणि आरसा आत घातला. त्यानंतर चौकशी कोण करतंय हा प्रश्नच उरला नाही.

"तुमचा माझ्यावर संशय आहे," ती म्हणाली.

"आ," सर्वेयर म्हणाला.

"बरोबर आहे. गेल्या महिन्यात बाईंनी माझा 'कि' सगळ्यांसमोर दीर्घ केला. मला राग आला. घरी जाऊन पाहिलं, तर बाईच बरोबर निघाल्या. मग जास्त राग आला. चूळ भरा."

सर्वेयरने चूळ भरली. "मग?"

"मग काय? मी पहिल्या खुर्चीत बसते. बाई लिहितात तेव्हा खडूची भुकटी माझ्या केसांत पडते. शब्द काय होता ते मला चांगलं दिसलं होतं, आणि मी नळावर लिहिलं. उघडा." आरसा पुन्हा आत गेला. "आणि तुम्ही सगळे ती कविता उलटी धरताय. कुणाला दुखवायचं असलं, तर माणूस त्याच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवतो. या लिहिणाराला बाईंची दुखरी जागा माहीतच नाही. स्वतःचं काहीतरी दुखतंय म्हणून विव्हळलाय बिचारा. मी रोज ऐकते, मला आवाज ओळखू येतो."

सर्वेयर घाईने उठायला गेला. डोक्यावरचा दिवा चष्म्याला लागला, चष्मा जमिनीवर पडला आणि एक काडी निखळून हातात आली.

आता चष्मेवाल्याकडे जाणं भागच होतं.

४

सर्वेयर चष्मा मुठीत धरून, भिंतीच्या कडेकडेने दुकानात शिरला. चष्मेवाला आतल्या टेबलाशी वाकून एका फ्रेमचा स्क्रू पिळत होता. नाक जवळजवळ फ्रेमला टेकलेलं. त्याने मान वर केली.

"या, या! बसा. काय सेवा करू आपली?" एखाद्या नव्या गिऱ्हाइकाशी बोलावं तसा गोड आवाज.

"अहो, काडी तुटली."

"अरे, साहेब तुम्ही! मग आधी सांगायचं नाही का?"

चष्म्याशिवाय आपला चेहरा बदलत असणार, असं म्हणून सर्वेयरने ते सोडून दिलं. चष्मेवाल्याने काडी हातात घेतली, डोळ्यांपाशी नेली, आणि तिथल्या तिथे दोष सांगितला. हात कसलेले होते. बोलता बोलता सर्वेयरने त्या खोक्याचा विषय काढला. खोका दाराशी, टेबल आत. कोण कधी येऊन कागद टाकून गेलं, हे चष्मेवाल्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"मी बघत नाही," चष्मेवाला म्हणाला. "कोणी आलं, कोणी गेलं, मी तिकडे लक्षच देत नाही. तत्त्व आहे."

"मोठं तत्त्व आहे."

"सवयीने जमतं."

"आणि तुम्ही? तुम्ही त्या आठवड्यात काय लिहिलंत?"

स्क्रू पिळणारा हात जरासा थबकला. "लिहिणार होतो. पण विषय फार उंचावरचा पडला हो. आपल्यासारख्याने मान वर करून बघावा असा. मग राहून गेलं." तो पुन्हा फ्रेमवर वाकला. "बाई फार रागावल्यात का?"

"रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांच्या मनाला लागलंय."

चष्मेवाल्याने काडी फडक्याने पुसली. मग म्हणाला, "त्यांच्यावर असेल असं वाटत नाही मला."

काडी बसेपर्यंत सर्वेयरला काही काम नव्हतं. तो उठून दोन्ही खोल्यांच्या मधल्या दारात उभा राहिला, शनिवारी चष्मेवाला उभा असतो तिथे. आत कुणी नव्हतं. खुर्च्या रांगेत होत्या, तक्ता होता, फळा होता. फळ्यावर बाईंनी रागाने लिहिलेला शब्द तसाच होता, पुसायची बंदी असलेला.

सर्वेयरने डोळे बारीक केले. मग चोळले. मग पुन्हा पाहिलं.

फळ्यावर 'घार' लिहिलं होतं.

५

"घ्या साहेब, झाला," मागून चष्मेवाला म्हणाला.

सर्वेयरने चष्मा चढवला. फळ्यावर 'धार' होतं. चष्मा काढला, घार. घातला, धार. बाईंचा ध अगदी पुस्तकातला होता, डोक्यावरची रेघ तुटलेली आणि तिथे एक इवलीशी गाठ. पण लांबून, धूसर डोळ्यांना, ती गाठ आणि रेघ एकमेकांत मिसळत, आणि ध च्या डोक्यावर सरळ छप्पर येई. 'ध चा मा' त्याने आयुष्यभर ऐकला होता. ध चा घ प्रथमच बघत होता.

तो घरी न जाता चालत राहिला. सगळे धरून चालले होते की लिहिणाराने मुद्दाम शब्द सोडला, बाईंना टोमणा मारायला. आणि जर त्याने शब्द सोडलाच नसेल तर? दिलेल्या शब्दावर, इमानेइतबारे, घरी बसून जीव ओतून लिहिलं असेल तर? मग टोपणनाव माहीत असण्याची गरजच नव्हती. गरज होती ती फक्त शब्द चुकीचा वाचण्याची.

चिमणीने शब्द वाचला नव्हता, ऐकला होता, वाटाणे उडवणाऱ्या 'ध'सकट. डॉक्टरीण फळ्याला नाक लावून बसते. शिंप्याला रस्त्यापलीकडचा रुमाल रंगासकट दिसतो. सर्वेयर स्वतः चष्म्यासकट दुसऱ्या रांगेत होता. राहिला तो एकच माणूस, सगळ्यांत लांब, दारात उभा राहणारा. ज्याला खोक्यापाशी कोण आलं ते दिसत नाही आणि त्याला तो तत्त्व म्हणतो. ज्याला ओळखीचा माणूस आवाजावरून कळतो. ज्याला 'धार' हा विषय उंचावरचा वाटला.

पण तो माणूस तर अख्ख्या गावाचे डोळे तपासत होता.

सर्वेयर सरळ छापखान्यात गेला. "चिमणे, तुमच्याकडे मोठ्यापासून बारकी अशी सगळी अक्षरं असतील ना?"

शनिवारी मंडळ वेळेआधीच जमलं. बाई स्क्रू काढायचं हत्यार घेऊन आल्या होत्या. शिंपी एक बाही कागदात गुंडाळून कोपऱ्यात उभा होता, देऊ की नको अशा अवस्थेत.

"बाई, दोन मिनिटं," सर्वेयर म्हणाला. "आधी माझे डोळे तपासायचेत. पडल्यापासून चष्म्यात फरक वाटतोय."

"आत्ता?" बाई म्हणाल्या.

"बसा, बसा," चष्मेवाला खुशीने पुढे आला. निदान एवढं तरी त्याच्या हातातलं होतं. सर्वेयर तपासणीच्या खुर्चीत बसला. चष्मेवाला त्याच्यामागे उभा राहिला आणि तक्त्याकडे हात केला. "चला. पहिलं, सगळ्यांत मोठं अक्षर?"

"घा," सर्वेयर म्हणाला.

"घा? नाही साहेब. प आहे."

"तुम्ही बघून सांगा ना. मला घा दिसतंय."

चष्मेवाल्याने तक्त्याकडे नीट पाहिलं. "स्पष्ट प आहे. दुसरी ओळ?"

"री, ची."

"साहेब, दुसरी ओळ र आणि ट आहे." त्याच्या आवाजात खरी काळजी होती. "तुमचा नंबर फारच वाढलाय. तिसरी बघा, ल, क, म..."

"तिसरी 'कविता' आहे," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाली.

चष्मेवाला थांबला. तक्त्यावर, मोठ्यापासून मुंगीपर्यंत, चिमणीने छापून आदल्या संध्याकाळी चिकटवलेलं होतं: घारीची कविता तुमचीच ना?

तो तक्त्याकडे चालत गेला. एक पाऊल, आणखी एक. भिंतीला नाक टेकायची वेळ आली तेव्हा त्याने शेवटची ओळ वाचली, आणि पाठमोराच उभा राहिला.

६

"नंबर यंत्र काढतं," तो म्हणाला, भिंतीकडे बघतच. "त्यात मी कधी चूक करत नाही. आकडे मोठे येतात. तक्ता मला पाठ आहे. जवळचं काम तर अजून दिसतं हो, सोन्यासारखं दिसतं. लांबचं गेलं. आणि मी गिऱ्हाइकांना इतकी वर्षं सांगत आलोय, माझ्याकडे बघा, अजून काच लागली नाही. आता काच लावून दारात बसलो तर लोक काय म्हणतील? मग शब्द आला, घार. मला वाटलं, बाईंनी माझ्यासाठीच दिला. तुम्ही सगळे इथे धारेवर वाचत होतात, आणि मला कळेना सगळ्यांनी विषय का सोडलाय."

शिंपी फुर्रकन हसला आणि लगेच बाहीत तोंड खुपसून गप्प झाला.

"बाई, तुम्ही म्हणालात, माझ्यावर आहे. तेव्हा सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे शब्द चुकीचा वाचला हे सांगायचं. या खोलीत." तो वळला. "तुम्हाला लागेल असं त्यात काही नव्हतं हो. घार दिसतच नाही मला, ठिपका दिसतो. तेवढंच लिहिलं."

बाईंनी हातातलं हत्यार टेबलावर ठेवलं. पर्समधून ती कविता काढली. घडी पडून पडून कागद मऊ झाला होता. त्यांनी ती पुन्हा वाचली, मनात, ओठ न हलवता, आणि वाचून झाल्यावर लगेच मान वर केली नाही.

"'एकट्या जिवाला' म्हणजे?" त्यांनी विचारलं.

"घार. एकटीच असते ना ती वर."

"आणि 'कुणाची तरी सोय' म्हणजे कुणाची?"

"माझी, बाई."

चिमणीला एकदम खोकला आला. बाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं. सर्वेयरने ते पाहिलं, पण पाहणी-अहवालात घेतलं नाही.

"बसा त्या खुर्चीत," बाई म्हणाल्या.

"कोण, मी?"

"मग कोण, फळा? डावा डोळा झाका. पूर्ण झाका, बोटांतून बघायचं नाही. आता तो तक्ता तुम्हाला पाठ नाही, तेव्हा प्रामाणिकपणे वाचा."

चष्मेवाल्याने प्रामाणिकपणे वाचलं. पहिल्या अक्षरालाच तो 'भा' म्हणाला. बाईंच्या परीक्षेत नापास होऊन इतका मोकळा झालेला विद्यार्थी सर्वेयरने पाहिला नव्हता. डॉक्टरीणबाईने दुकानातून फ्रेमचा ट्रे आणला, चिमणीने एकेक फ्रेम त्याच्या नाकावर चढवून पाहिली, आणि शिंप्याने लांबून प्रत्येकीवर मत दिलं. एक काळी, जाड काड्यांची सगळ्यांना आवडली. काचा बसायला दोन दिवस लागतील, असं त्याने स्वतःच स्वतःला सांगितलं.

"गिऱ्हाइकं हसतील," तो म्हणाला.

"काळजी कशाला? हसणारे लांबून तुम्हाला कुठे दिसतात?" डॉक्टरीण म्हणाली. हसणाऱ्यांत बाईसुद्धा होत्या.

मग बाई उठल्या, 'धार' पुसला आणि नवा शब्द लिहिला. अख्खा फळा भरेल एवढं एकेक अक्षर. 'खिडकी'. वेलांट्यांची टोकं फळ्याच्या चौकटीवर गेली.

"दिसतंय?"

"दिसतंय, बाई."

"काय आहे?"

चष्मेवाल्याने जरा वेळ घेतला. "खिडकी."

"उत्तम," बाई म्हणाल्या, आणि आजवरचा नियम मोडून, बघायचं कुणी राहिलं असेल म्हणून तो शब्द त्यांनी मोठ्याने उच्चारलाही. जाताना त्यांनी परत नेलेलं कापड शिंप्याच्या हातातल्या बाहीवर ठेवलं. "दुसरी पण नीट लाव. साधारण नको." चष्मेवाला त्यांना दारापर्यंत सोडायला आला, आणि एकदा सोडून झाल्यावर कोपऱ्यापर्यंतही गेला, कारण, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, पायरी त्यांना दिसणार नाही.

सर्वेयर आणि शिंपी मागून निघाले. संध्याकाळ छान पडली होती. घरी बायकोची बहीण अजून बसली असणार, म्हणून सर्वेयर मुद्दाम सावकाश चालत होता. खिशात 'खिडकी' होती. सदर खिडकी, त्याच्या मनात आलं, पूर्वाभिमुख असून तिची एक कडी निसटलेली आहे. चांगली सुरुवात होती.

"मास्तर, आता तरी सांगा," तो म्हणाला. "बाईंना घार म्हणायला सुरुवात कुणी केली?"

"घार?" शिंपी उभा राहिला. "घार कोण म्हणत होतं?"

"तुम्ही. सगळी शाळा. बाईंनी मुतारीच्या भिंतीवर स्वतः वाचलंय."

शिंप्याने मागे वळून पाहिलं. बाई पार कोपऱ्यावर पोचल्या होत्या. तरी त्याने आवाज खाली आणला.

"घार नव्हतं साहेब ते. धार होतं. बाईंच्या बोलण्याला होती ना, त्यावरून."

"मग बाईंनी घार कसं वाचलं?"

"लिहिणाराचं अक्षर वाईट होतं," शिंपी म्हणाला.